उलट्या काट्याची सुई

लोकरीचे प्राणी करायचं माझं काम दिसतं तेवढं नाजूक नाही. टोचाटोचीच असते सगळी. सुईच्या टोकाशी बारीक काटे असतात, ते लोकरीला धरून आत ढकलतात. हजारदा टोचलं की मऊ गोळा घट्ट होतो, त्याला पाठ येते, मान येते, मग हळूहळू रुसवाही येतो. अंगावरच्या केसांसाठी मात्र दुसरी सुई लागते. तिचे काटे उलटे. ती रिकामी आत जाते आणि येताना आतली लोकर ओढून बाहेर आणते. आत घातलेलं असेल तेच आणते. दुसरं कुठून आणणार?

अलिबागच्या एका लॅबमध्ये मी चौदा वर्षं काढली. तिथून निघताना जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला, तो किहीमच्या घरी खिडकीपाशी आहे. सांगायचा मुद्दा, मी बघून, मोजून बोलणारी बाई आहे.

श्रावण संपता संपता जुनेराचा दोह्याहून फोन आला.

"तेजूताई, एक मांजर करशील? आमची सुपारी?"

सुपारी म्हणजे तिच्या अम्मीची, जहुराखालाची मांजर. ओल्या सुपारीसारखा रंग, म्हणून ते नाव. तीन महिने झाले, ती गेली होती कुठेतरी. जुनेराचे अब्बा, ताजुद्दीनचाचा, वारल्यापासून खाला एकटी. दोनदा चक्कर येऊन पडली होती.

"वीस तारखेचं तिकीट काढलंय. मी न्यायला येतेय. पण अम्मी म्हणते, सुपारी आल्याबिगर मी हलायची न्हाय. तिसऱ्यांदा पडली तर कोण उचलणार तिला, सांग."

खालाचं घर मांडव्याच्या वाटेवर, माझ्यापासून सायकलने दहा मिनिटं. गेले तेव्हा ती अंगणात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती आणि माड-पोफळींकडे बघत स्वतःशीच गुणगुणत होती,

*सुपारे गं सुपारे, ऊन आलं दारी,*
*वाटीमधी दूध तुझं, ये गं दुपारी.*

मी आल्याचं कारण सांगितलं तशी म्हणाली, "मेलेल्याचं करतात असलं. माझी मेलेली न्हाय. आन तुला काय, दुसरा धंदा न्हाय? मांजरीला सुया टोचतेस ती."

"फोटो तरी दाखव, खाला."

"दाखवते. चाय पी आधी. वाळलीस किती."

आत लाकडी कपाटाचा खालचा खण वीतभर उघडा होता. त्यात हिरवी ओढणी अंथरलेली. जाता जाता मी गुडघ्याने तो लोटायला गेले.

"ऱ्हाऊ दे उघडा," खाला म्हणाली. त्यात थट्टा नव्हती.

मी कामाला लागले. आत भरायला धनगरांकडची पांढरी लोकर, वरून तांबूस तपकिरी. काळी मी घरात ठेवतच नाही. तिचे तंतू उडून सगळ्या कामाला चिकटतात. पाच सकाळींत मांजर झाली. वजन एकशे ऐंशी ग्रॅम.

मग उलटी सुई घेतली. मानेपासून सुरुवात केली आणि डाव्या खांद्यावर पांढरा झुबका वर आला. चूक माझी. सुई खोल गेली, आतली पांढरी लोकर आली. वरून तपकिरी बसवली. दुसऱ्या दिवशी पांढरा पुन्हा वर.

तेही समजू शकते. पण पोटाशी सुई घातली आणि ओढली, तर काळे केस आले.

मी ते काचेखाली धरले. कातरलेल्या लोकरीचं टोक बोथट दिसतं. हे केस टोकाकडे निमुळते होत गेले होते. कधीच कात्री न लागलेले. लोकरीला असतात तशा लाटाही त्यांना नव्हत्या.

वजन केलं. दोनशे बारा. समुद्राकाठची दमट हवा, लोकर पाणी पिते. दिवसभर कडक उन्हात ठेवली. संध्याकाळी दोनशे एकोणीस.

अठरा तारखेला मांजर टोपलीत घालून मी खालाकडे गेले. तिने ती मांडीवर घेतली, चष्मा वर सारला आणि बोटांनीच पाहू लागली. डाव्या खांद्यावर बोट थांबलं.

"हे कुणी सांगितलं तुला? फोडणीचं तेल उडलं होतं, बारकी होती तवा, तिथं केस पांढरेच आले. जुनेराला पन ठाव न्हाय."

"आतली पांढरी लोकर वर आली, खाला. माझी चूक."

"व्हय. बरी नेमकी तिथंच आली."

ती हसली. मग तिचा हात मांजरीच्या पोटाशी गेला आणि हसू तिथेच राहिलं. तिने काळे केस बोटात धरले.

"गाभण होती," ती म्हणाली. "बंदरावरच्या काळ्या बोक्याची. सारखी त्या खणात शिरायची. माझे ईदचे कपडे होते त्यात. मी हाकललं. म्हटलं, जा, घालायची तिथं घाल पिल्लं. आन खिडकी लावून घेतली." तिने ओढणीचा पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता मुठीत धरला. "बाहेरून वरडत होती गं. मी उघडली न्हाय. म्हणून हलत न्हाय मी हिथून."

मी माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. पोट उबदार होतं. टोपली उन्हातून आली होती.

हजारदा टोचलेली लोकर हलत नाही. मी स्वतः टोचली होती.

हाताखाली काहीतरी लहानसं कुशीवर वळलं.

"सावकाश," खाला म्हणाली. मला नव्हे.

मी हात काढून घेतला. तिने काढला नाही.

वीस तारखेला खाला गेली. जुनेरा बॅगा ओढत होती आणि खालाच्या कडेवर, ओढणीत गुंडाळलेली सुपारी. मांडव्याला रो-रो बोटीच्या धक्क्यावर खालाने माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझे हात चांगले हायत," म्हणाली. "खात जा जरा."

पोचल्यावर जुनेराचा फोन. "ताई, गंमत सांगते. विमानतळावर मांजर मशिनीतून गेली. तो माणूस पडद्याकडे दोनदा बघत राहिला. मला वाटलं, आता अडवतोय. तर उठला आणि अम्मीला बसायला खुर्ची दिली त्याने."

नंतर आठवडाभर काही नाही. मग एका दुपारी मेसेज आला. 'अम्मी छान आहे. जेवते, झोपते. फक्त माझ्या कपाटाचा खालचा खण तिने घेतलाय, बंद करू देत नाही. आणि ताई, अम्मीला काळी लोकर तू दिलीस का?'

खाली फोटो होता. खणात हिरवी ओढणी. तिच्यावर सुपारी आडवी, पोट पार खपाटीला गेलेलं. तिच्या कुशीत चार काळे गोळे, लिंबाएवढे.

मी फोटो मोठा केला. लॅबमधली सवय.

चौथ्या गोळ्याच्या पाठीवरचे केस एकाच दिशेला चिकटले होते. ओले होते, नुकतेच चाटल्यासारखे.