पाचशे चार नावं

खड्… खडखडखड्.

दुपारच्या शांततेत बाहेरच्या खोलीतून आवाज आला आणि माझ्या हातातली इस्त्री जागीच थांबली.

"मी नाही पाडलं," लेक तिथूनच म्हणाली. "ते आपोआप पडलं."

पाच वर्षांच्या माणसाच्या घरात सगळं आपोआपच पडतं. जाऊन पाहते तर पलंगाखालचं खोकं बाईसाहेबांनी ओढून काढलं होतं आणि आतल्या निळ्या डब्यांचं घर बांधायला घेतलं होतं. आता ते घर फरशीभर पसरलं होतं. प्रत्येक डब्यावर तेच चित्र: मांडीवर मोडकी छत्री घेऊन बसलेली मुलगी.

"आई, या सगळ्या डिस्क सारख्याच का आहेत?"

"कारण कुणी घेतल्या नाहीत."

"पण छान आहेत की."

"छान आहेत गं. तिथेच तर घोळ झाला."

ती परत बांधकामाला लागली. इस्त्रीचं बटण बंद करून मी तिथेच फरशीवर बसले…

तो पहिल्यांदा आला तो भांडायलाच. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे दिवसभर पायाखालची फरशी बारीक गुणगुणायची. आम्ही जपानी अॅनिमे, म्हणजे कार्टून मालिकांचे हक्क विकत घ्यायचो, आपल्या भाषेतली अक्षरं चित्राखाली बसवायचो आणि कारखान्यातून ब्लू-रे डिस्क काढून विकायचो. माणसं मोजून चार. खर्चाचे अंदाज माझ्याकडे.

"सातव्या भागात अक्षरं उशिरा उमटतात," आमच्याकडून विकत घेतलेली डिस्क माझ्या टेबलावर ठेवत तो म्हणाला.

"किती उशिरा?"

तो थांबला. "दोन सेकंद."

"दोन सेकंदांसाठी तीन जिने चढून आलात?"

परत थांबला. "दोन सेकंदांत माणूस 'हो'चं 'नाही' करतो, मॅडम."

आतून मालक खो खो हसले. "पाठव गं त्याला आत. फुकट तक्रारी करतोय, त्यापेक्षा पगार घेऊन करू दे."

असा तो आमच्याकडे अक्षरं बसवायला लागला, आणि त्याचं नाव पडलं 'दोन सेकंद'. काहीही विचारा, उत्तर द्यायच्या आधी तो नेमका तेवढाच थांबायचा. चहा घेणार का, असं विचारलं तरी. मी मनातल्या मनात मोजायचे… आणि मोजताना त्याच्या पापण्यांकडे पाहायची सवय कधी लागली, ते कळलंच नाही.

मला तो आकडेबाई म्हणायचा. "आकडेबाई, आज कुणाच्या स्वप्नावर पाणी ओतलंत?"

"अंथरूण पाहून पाय पसरा म्हटलं, एवढंच."

"पाय लांब असले तर?"

"तर गुडघे दुमडा."

मग त्याने ती मालिका आणली. बारा भाग. एका डोंगराळ गावात एक मुलगी छत्र्या दुरुस्त करते, आणि बाराच्या बारा भागांत पाऊस येतच नाही. बाकी काहीच घडत नाही. आम्ही पाचही जणांनी ती एका रविवारी सलग पाहिली. शेवटी दिवा कुणी लावेना. अंधारात त्याची बाही माझ्या बाहीला लागली होती… आणि दोघांनीही ती बाजूला घेतली नाही.

"काढायचीच," मालक म्हणाले.

"बुडाल," मी म्हटलं. आणि बोटांवर मोजत सगळं सांगितलं. हक्कांचे पैसे आगाऊ, ते परत मिळत नाहीत. कारखाना हजाराच्या खाली डिस्क काढत नाही. डब्याची छपाई वेगळी. मालिका बघायचीच असेल तर लोक ती चार पैशांत मोबाइलवर बघतात. डिस्क घेऊन कपाटात ठेवतो तो फक्त वेडा माणूस.

"वेडे किती आहेत, तेवढंच काढ," मालक म्हणाले. "आधी मागणी नोंदवू. पाचशे नावं आली तर बाकीचा भार माझा. नाही आली तर विषय बंद."

नोंदवायला फक्त नाव आणि पत्ता लागायचा. पैसे डिस्क हातात पडल्यावर. आमच्या मालकांचा चाहत्यांच्या शब्दावर फार विश्वास.

विषय बंद झाला असता तर त्याचंही काम बंद. त्याची बोली एका मालिकेपुरतीच असायची. पुढचं काम नसेल तर तो भावाकडे दुसऱ्या शहरात जाणार होता. हे त्याने मला जिन्यात सांगितलं होतं, हसत हसत. मी हसले नव्हते.

नावं तीनशे चारवर येऊन अडली. मुदतीचे बारा दिवस उरले होते.

त्या दिवशी तेराव्यांदा यादी उघडली आणि मी मावशीचं नाव घातलं. मग आत्याचं. मग तिन्ही चुलत भावांचं, शाळेतल्या बाईंचं. ओळखीचे संपले तेव्हा नसलेल्या गल्ल्यांतली नसलेली माणसं. मी… जी प्रत्येक बेरीज दोनदा तपासायची.

गंमत म्हणजे, मी संध्याकाळी दहा घालून जायचे आणि सकाळी माझे दहा धरून आकडा अठराने वाढलेला असायचा. मला वाटायचं, बघ, लोक खरंच येताहेत. माझी खोटी नावं खऱ्यांच्या गर्दीत खपून जातील. तोही दारातून विचारायचा, "आज किती?" आणि आकडा ऐकून माझ्याकडे असा बघायचा, की मी पुढचा अर्धा तास एकाच ओळीवर बोट ठेवून बसायचे.

शेवटच्या दिवशी पाचशे चार झाले. संध्याकाळी आम्ही दोघं जिना उतरत होतो. कठड्यावर त्याचा हात, त्याच्यामागे वीतभर अंतरावर माझा.

"आकडेबाई, एक सांगायचंय."

"सांगा ना."

दोन सेकंद… चार… सहा…

"डिस्क हातात येऊ दे. मग सांगतो."

"तोवर मी विसरले तर?"

"तुम्ही हजारांचे हिशेब लक्षात ठेवता. मी एकटाच आहे."

डिस्क आल्या, पण ते सांगायचं राहिलं. कारण दुसऱ्याच आठवड्यापासून पार्सलं परत येऊ लागली. पत्ता सापडत नाही. घेण्यास नकार. मावशीचा फोन आला, "अगं, कसलं कार्टून पाठवलंस? वर पैसेही मागत होता. मी दिलं हाकलून." बघता बघता दोनशे पार्सलांची भिंत खिडकीपर्यंत चढली. ज्यांनी खरी मागितली होती त्यांनी घेतली. बाकीच्यांना ती कधी हवीच नव्हती. मालकांनी या मालिकेसाठी बायकोचं दुकान गहाण टाकलं होतं.

त्यांनी आम्हाला समोर बसवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आतल्याच कुणीतरी नावं भरलीत. कोण?"

मी तोंड उघडलं. बाबा अंथरुणाला खिळलेले, धाकटी शिकत होती, घर माझ्या पगारावर चालत होतं. ही सगळी खरी कारणं आहेत, आणि वर्षानुवर्षं मी तीच स्वतःला सांगत आले. पण त्या क्षणी मनात वेगळंच होतं: आकडेबाई खोटे आकडे लिहिते, हे त्याला कळेल…

"मी," तो म्हणाला. एक सेकंदही न थांबता.

"दोनशेच्या दोनशे?"

"दोनशेच्या दोनशे."

माझी एकशे दहा होती. तोंडपाठ. म्हणजे त्याची नव्वद. तोही रोज संध्याकाळी हेच करत होता, आणि आत्ता माझी सगळी त्याने स्वतःच्या नावावर घेतली होती. मी मान वर केली नाही. समोरच्या स्क्रीनवर कसलासा तक्ता उघडा होता, त्यातल्या एका रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. खुर्ची सरकली. बॅगेची चेन लागली. पावलं जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

किती वेळ थांबली, ते मी मोजलं नाही. मग पुढे गेली.

सहा महिन्यांनी कंपनी मिटली. उरलेल्या डिस्क मालकांनी वाटून टाकल्या. ते अजूनही कधी भेटले की म्हणतात, "तिथे तू एकटीच काय ती प्रामाणिक होतीस गं." लेकीचे बाबा भले गृहस्थ आहेत, पलंगाखाली काय आहे, असं त्यांनी कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. आज हिने ओढून काढेपर्यंत…

"कुणी घेतल्या नाहीत म्हणून कोणाला ओरडा बसला?" डब्यावर डबा ठेवत लेक म्हणाली.

"माझ्या एका मित्राला."

"त्याने चूक केली होती?"

"थोडी त्याने. जास्त मी."

"मग तुला नाही ओरडले?"

"नाही."

"आणि त्याला माहीत होतं? तू पण केलीस ते?"

"हो."

हातातला डबा तिने खाली ठेवला. माझ्या मांडीवर कोपर टेकून अगदी जवळून माझ्याकडे बघत राहिली.

"मग जाताना तो रडत होता का, आई?"