आपापलं बसायला घेऊन या

त्या दुपारी मी विद्यापीठाच्या नाट्यगृहात गेले ती फक्त आवाज तपासायला. दुसऱ्या दिवशी आमच्या विभागाचा कार्यक्रम होता. काखेत लॅपटॉप, पिशवीत थंड चहाची बाटली आणि डोक्यात नेहमीचा संताप.

संतापाचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे प्रत्येक विभागाला वर्षातून एक दिवस नाट्यगृह मिळतं. वर्षभर जे संशोधन केलं ते रंगमंचावर मांडायचं, आणि ते बघायला गावातल्या कोणीही यायचं. फाटक सगळ्यांना उघडं. ही कल्पना ऐकूनच मी एडिनबरा सोडून तैवानला परत आले. तिकडचे मित्र म्हणाले, यी-हान, तुला वेड लागलंय. मला वाटलं होतं, विद्यापीठानं लोकांशी तोंड उघडून बोलावं अशी याहून चांगली जागा कुठली?

आल्यावर जे पाहिलं ते असं. अन्नशास्त्रवाले अननसाच्या वड्या वाटायचे, हॉल तुडुंब. औषधशास्त्रवाले म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजून द्यायचे. यंत्र विभागाचा यंत्रमानव एका गाण्यावर कंबर हलवायचा आणि कुलगुरू टाळ्या वाजवायचे. ज्यांच्याकडे वड्याही नाहीत आणि कंबरही नाही, त्यांच्याकडे विद्यार्थी यायचे ते हजेरीपुरते. दारातल्या यंत्राला कार्ड टेकवायचं, आत शिरायचं आणि बाजूच्या दारानं पसार व्हायचं. हिशेबात हॉल भरलेला. खरा हिशेब खुर्च्या सांगायच्या. त्यांच्या बैठका स्प्रिंगच्या आहेत, माणूस उठला की ठक् करून वर मिटतात. आमच्या आधीच्या खेपेला मी रंगमंचावरून मिटलेल्या खुर्च्यांच्या रांगांसमोर भाषण केलं होतं.

"यंदाही असंच झालं तर तुमचा लोकसंस्कृती विभाग पर्यटनात विलीन," ओउयांग सर म्हणाले. ते आमचे डीन. "मला मागच्या दारातून डोकावल्यावर माणसं दिसली पाहिजेत, डॉक्टर फान. तुमचं ते तळमळीचं भाषण नको."

माझ्याकडे भाषण नव्हतंच. माझ्याकडे चुंग आजोबांचा आवाज होता.

इथून तासाभरावर डोंगरात धरण आहे. त्याच्या पाण्याखाली हाक्का लोकांचं एक खोरं गेलं. गाव उठलं तेव्हा लोकांनी आपापल्या पूर्वजांच्या अस्थी बरोबर नेल्या. ज्यांना कोणी नव्हतं, त्यांच्या कबरी तिथंच राहिल्या. त्या खोऱ्यात दर वर्षी चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात, गेलेल्यांसाठी दार उघडतं तेव्हा, देवळाच्या अंगणात नाटक व्हायचं. नाटक जिवंत माणसं बघायची, पण ते असायचं भाऊबंदांसाठी. त्या महिन्यात आम्ही दुसरा शब्द तोंडातून काढत नाही, भाऊबंदच म्हणतो. गेलेल्यांपैकी ज्यांना घर नाही, जेवू घालणारं कोणी नाही, ते. नाटकाआधी चुंग घराण्यातला पुरुष पाण्याकडे तोंड करून हाक घालायचा: "या हो या, खेळ मांडलाय, पान वाढलंय, आपापलं बसायला घेऊन या!" आणि खेळ संपल्यावर त्यांना निरोप द्यायचा. ती वेगळी हाक.

आजोबा त्या घराण्यातले शेवटचे. मी ध्वनिमुद्रणाला गेले तेव्हा त्यांनी मला आधी चांगलंच फैलावर घेतलं.

"रिकाम्या अंगणात हाक मागतेस? कुत्र्याला यू यू करून हात मोकळे दाखवल्यासारखं होईल ते."

"रिकामं नाही, आजोबा. आमच्या नाट्यगृहात खेळ आहे. तुमच्या खोऱ्याचाच. तिथं लावायचीय."

"खरा खेळ?"

"अगदी खरा. पानही वाढीन."

त्यांनी घोटभर चहा घेतला. मग म्हणाले, "बरं. बोलावणं आत्ता घे. निरोप मी तिथं येऊन देईन. तो असा डबीत भरून देत नाहीत. खेळ झाल्यावर, त्यांच्या तोंडावर द्यायचा असतो."

आमची तारीख वसंतात होती. ती औषधशास्त्राला दिली. मग उन्हाळ्यातली ठरली, ती परदेशी पाहुण्यांच्या स्वागतात गेली. शरदातली यंत्रमानवानं खाल्ली. मी ओउयांग सरांना सांगितलं, माझा माणूस म्हातारा आहे. ते हसून म्हणाले, "म्हाताऱ्यांना कसली घाई?" त्या हिवाळ्यात आजोबा गेले. आणि मग आम्हाला तारीख मिळाली, सातव्या महिन्यातली. असल्या अशुभ महिन्यातली ती दुसऱ्या कोणत्याही विभागाला नको होती.

मला मात्र वाटलं, बरंच झालं. हाच तर त्या हाकेचा महिना.

तर त्या दुपारी. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत विहिरीत उतरल्यासारखा काळोख. ध्वनियंत्रावर क्वो बसला होता, हॉलचा तंत्रज्ञ. यंत्रानं गुणानं वागावं म्हणून त्याच्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात, तेच फोडून तो खात होता.

"तारीख उलटून गेली होती, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "जुनं पाकीट ठेवलं तर यंत्र उलट बिघडतं. आज संध्याकाळी नवीन आणतो."

मी हाक लावली. आजोबांचा चिरका, लांब ओढलेला आवाज हॉलभर फिरला. मधेच खरखर झाली.

"परत," मी म्हणाले.

परत लावली. परत खरखर. मी चिडले. वर्षभराचं सगळं त्या एका खरखरीवर निघालं. तार बदलली, पुन्हा लावली, आवाज वाढवला, पुन्हा लावली. आणि तेव्हा, मागच्या रांगांमधून कुठून तरी...

ठक्.

"स्प्रिंगा जुन्या झाल्यात," क्वो म्हणाला.

बैठक वर मिटताना ठक् होतं, हे मला माहीत होतं. पण तिथं सगळ्या बैठका आधीच मिटलेल्या होत्या. मग हा आवाज कसला? मी तिकडे पाहिलं. काळोखात काही दिसलं नाही. फक्त वास आला, गाळाचा. तळं आटल्यावर तळाशी जो चिखल उरतो, त्याचा.

"वातानुकूलनाच्या नळीत पाणी साचलंय," क्वो खाऊचे कण झटकत म्हणाला. पण तो उठून माझ्या जवळ येऊन उभा राहिला.

ठक्. मग दोन रांगा पुढे, ठक्. मग बऱ्याच, एकदम, पावलांचा आवाज न करता.

"मॅडम," क्वो हळूच म्हणाला, "आता बस करू या. छान वाजतंय..."

दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना आणायला मी बस मागितली होती. ती सकाळी पर्यटन विभागाला गेली. ओउयांग सरांना फोन केला तर म्हणाले, "अहो, त्यांच्या पाहुण्यांना गरम पाण्याचे झरे दाखवायचेत. तुम्ही म्हाताऱ्यांना रेल्वेनं या म्हणा ना." रेल्वेनं एकट्या लिएन मावशी आल्या, गुडघ्याला पट्टा बांधून. आजोबांच्या शेजारघरच्या त्या. तीन वाजता विद्यार्थ्यांची झुंबड आली, दारातलं यंत्र पीं पीं वाजलं, आणि बाजूचं दार उघडमीट होत राहिलं. मग सगळं शांत झालं.

मी पडद्याआडून पाहिलं. मावशी कडेच्या खुर्चीत. दुसरं माणूस नाही. आणि सगळ्या बैठका खाली. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत, बसल्या वजनानं दाबल्यासारख्या. पहिल्या रांगेतली मधली तेवढी एक मिटलेली होती. तिच्यापुढे जमिनीवर बांबूचं बुटकं स्टूल उलटं ठेवलेलं होतं, पाय वर. त्याखाली पाण्याचं लहानसं थारोळं.

खरं सांगते, तेव्हाही भीतीपेक्षा रागच जास्त होता. वाटलं, कोणी तरी माझी चेष्टा करतंय. मी दात-ओठ खात रंगमंचावर गेले आणि ठरलेला कार्यक्रम सुरू केला. चहा तोडणाऱ्या बायकांची गाणी, होडीवाल्याचे किस्से, देवळाच्या दगडांची चित्रं. आजोबांची हाक. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की समोरून आवाज येतोय. बारीक, कोरडा, चुट् चुट्. खेळ बघताना आमच्या खेड्यातले लोक कलिंगडाच्या बिया फोडतात, तसा. होडीवाल्याच्या विनोदाला तो क्षणभर थांबला. हसू आलं नाही, पण हसताना माणसं जशी जागेवर हलतात तशा खुर्च्या करकरल्या.

इतकं मन लावून माझं कोणी कधीच ऐकलं नव्हतं. हेही खरंच सांगते.

कार्यक्रम संपला. मी खाली उतरून मावशींजवळ गेले. त्यांनी दोन्ही कानांवर घट्ट हात धरले होते, नजर पायांकडे.

"झालं, मावशी. चला."

"आता निरोप दे," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "मी कान झाकलेत. दे, मग उठते."

"निरोप माझ्याकडे नाही... आजोबा इथं येऊन देणार होते."

मावशींनी हात खाली घेतले. "नाही? मग बोलावलंस कशाला, पोरी?"

"तुम्हाला येत असेल ना. दर वर्षी ऐकला असेल..."

"कोण ऐकणार! बोलावणं सगळ्यांनी ऐकायचं. निरोप त्यांच्या एकट्यांसाठी. तो सुरू झाला की आम्ही कान झाकून, मागं न बघता घरी पळायचो. चुंगांच्या बायकांनीसुद्धा कधी ऐकला नाही." मग त्यांची नजर त्या उलट्या स्टुलावर गेली. "जागा धरलीय," त्या म्हणाल्या. "उलटं स्टूल म्हणजे जागा धरलीय. चुंगदादाची. त्यानं बोलावलं, त्यानंच सोडायचं. वाट बघतायत त्याची."

"पण आजोबा तर..."

"शहरात गेला. त्याच्या अस्थी शहरातल्या मनोऱ्यात ठेवल्यात, सातव्या मजल्यावर. त्याला काय माहीत, यांना इथं बसवून ठेवलंय ते. आणि पान? पान वाढलंस?"

मी पान वाढलं नव्हतं. फळं, भात, दारू, सगळं मी मागणीत लिहिलं होतं. नाट्यगृह समितीनं खोडून टाकलं: 'हॉलमध्ये खाद्यपदार्थ आणण्यास मनाई.' अननसाच्या वड्या चालतात.

इतक्यात मागचं दार उघडलं. उजेडाच्या पट्ट्यात ओउयांग सर उभे. त्यांनी लांबूनच रांगांवरून नजर फिरवली आणि अंगठा वर केला.

"वा, डॉक्टर फान! एक बैठक मिटलेली दिसत नाही की! भाड्यानं आणलेत काय लोक?" ते खूष होऊन हसले. काळोखात त्यांना काय दिसलं ते मला ठाऊक नाही. मात्र त्यांनी हॉलकडे बघून वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा, आणि दार अलगद लावून घेतलं.

आमचा विभाग वाचला. विलीनीकरणाचा कागद मागे घेतला गेला.

बैठका मात्र वर गेल्या नाहीत. क्वोनं तेल घातलं, कारागीर आणला. कारागिरानं एक बैठक हातानं उचलून पाहिली आणि लगेच सोडून दिली. म्हणाला, हिच्यावर ओझं आहे. अन्नशास्त्रवाल्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा लोक आत आले, बसले आणि पाठ ओली झाली म्हणून उठून गेले. वड्या तशाच राहिल्या. हळूहळू सगळ्या विभागांनी आपापले कार्यक्रम व्यायामशाळेत हलवले. समितीनं मला पत्र दिलं की आता नाट्यगृह वर्षभर लोकसंस्कृती विभागाचंच. ओउयांग सरांनी अभिनंदन केलं. मी हसले नाही.

मी पान वाढलं, समितीला न विचारता. भात, बदकाचं मांस, दारू, सगळं. मनोऱ्यात जाऊन आजोबांच्या कोनाड्यापुढे उदबत्ती लावली, हात जोडून सांगितलं, आजोबा, या. चंद्रकोरीच्या आकाराच्या लाकडी कवड्या टाकून कौल मागितला. कौल मिळाला नाही. परत टाकल्या, परत नाही. सातवा महिना संपला. मावशी म्हणाल्या, महिना संपला की दार बंद होतं, आता त्यांना परतायला वाट नाही. आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या माझा फोन घेत नाहीत.

मी रोज दुपारी जाते. कोणीतरी गेलं पाहिजे ना. होडीवाल्याचे किस्से पुन्हा सांगते, गाणी लावते. बियांचा आवाज येतो. पण अलीकडे तो कमी झालाय. त्यांना ते पाठ झालंय. कधी कधी मधेच सगळ्या खुर्च्या करकरतात, उठायला निघालेली माणसं पुन्हा बसावीत तशा.

आज दुपारी गेले तेव्हा पहिल्या रांगेसमोर स्टूल नव्हतं. क्षणभर वाटलं, आजोबा आले. जीव हलका झाला. मग मी रंगमंचावरचा दिवा लावला.

स्टूल रंगमंचावर होतं. सुलटं, ध्वनिक्षेपकासमोर, त्यांच्यापुढे ठेवलेलं. कोणी तरी पुसून कोरडं केलेलं. बियांचा आवाज बंद होता. वाट बघणं संपलं होतं, किंवा आजोबांच्या जागी मीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पाय आपोआपच तिकडे वळले आणि मी स्टुलावर बसले. समोर काळोख श्वास रोखून होता, आणि मी तोंड उघडलं. पण मला एकच हाक येते, बोलावण्याची.