चौथ्या खोलीतले आकडे

झुंबरकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात वायरलेस सांभाळून निवृत्त झालेले. घरात नवी सून आली की जेवणानंतर गच्चीवर बसवून तिला एक घडलेली गोष्ट ऐकवायची, हा त्यांचा आहेर. आलेल्या साड्यांपेक्षा हा बरा, म्हणून सृष्टी निमूट बसली.

"आमचा मनोज," काका म्हणाले, "माझ्याच हाताखाली शिकला. खोटं रचायला जी अक्कल लागते, ती त्याच्याकडे नाही."

तर दोन हजार तेवीस, फेब्रुवारीची सतरा तारीख, शुक्रवार. विंचूरजवळ द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मनोज वॉकीटॉकी तपासायला गेला. दिवसभर गाड्या भरायच्या, दारं सताड उघडी. म्हणून तपासणी रात्री साडेनऊला, दारं लावून. मालकाने जुने सेट काढून नवे घेतले होते. जुना कमी फ्रिक्वेन्सीचा, त्याच्या लाटा लांब, जाड भिंतीतूनही वाट काढणाऱ्या. नवा जास्त फ्रिक्वेन्सीचा. मोकळ्यावर खणखणीत, चार भिंती आड आल्या की मान टाकणारा. आत माणूस अडकला तर त्याची हाक बाहेर पोचेल का, एवढंच मनोजने लिहून द्यायचं होतं.

पद्धत साधी. बाहेरच्याने दोन्ही सेटवर एक ते दहा म्हणत राहायचं, आतल्याने आकडे कुठे तुटतात ते सिग्नल मोजणाऱ्या मीटरवर बघायचं. बाहेर रखवालदार फकिरा बसला.

"चौथ्या खोलीचं दारातनंच उरका, साहेब," तो म्हणाला. "मागच्या साली इथले कामगार, निफाडचे हारुनभाई आत आकडे म्हणत व्हते, नव्या सेटवर. आवाज तुटला. बाहेरच्यांना वाटलं, गेला घरी. कुलूप लावलं. सकाळी..." त्याने बिडी विझवली. "लय गार असतंय आत."

"आणि तरी नवे सेट पास?"

"कागदावर पास हायेत."

पहिल्या खोलीत दोन्ही सेट नीट आले. दुसरीत नवा खरखरला. तिसरीत नवा गप्प, जुना चालू. चौथीच्या दारात मनोज थांबला. इथूनच 'पास' लिहिलं असतं तर मालक खूश, आणि तो दहा मिनिटांत गाडीवर. त्याने पेन काढलंही. मग खिशात परत ठेवलं आणि आत गेला.

मागच्या भिंतीशी जुनाही तुटला. सहा... सात... मग काही नाही. आपण इथे आहोत हे जगात कुणालाच माहीत नाही, अशी शांतता.

मग नवा सेट बोलला.

"चाळीस हजार तीनशे सहा..."

थकलेला आवाज. फकिराचा नाही.

"चाळीस हजार तीनशे सात..."

मीटरची पट्टी पूर्ण भरली. म्हणजे बोलणारा... हातभर अंतरावर.

मनोज वळला नाही.

"तीनशे आठ... साहेब, येतंय ना ऐकू?"

...

"थांब म्हणून... कुणी सांगितलंच नाही."

मनोजने बटण दाबलं. बोट बधिर झालेलं. "हारुनभाई... येतंय ऐकू. थांबा आता. चला बाहेर."

मागे न बघता तो दाराकडे चालू लागला.

बाहेर फकिरा जुन्या सेटवर आकडे म्हणत होता. नव्याची बॅटरी मघाशीच संपली, म्हणाला. मनोजने गाडीच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं: नवे सेट नापास, आतला माणूस ऐकू येत नाही. दोन्ही सेट तिथेच सोडले, मीटर पिशवीत टाकलं आणि निघाला. बंद करायचं राहून गेलं.

ते मीटर जागेसकट नोंद ठेवतं. सकाळी मनोजने उघडून पाहिली. कोल्ड स्टोरेजच्या फाटकापासून पुढे, रस्त्यावर एकही सेट नसताना, नव्या सेटचा सिग्नल पूर्ण. खड्डे, वळणं, उसाची शेतं... पट्टी हललेली नाही.

निफाडपर्यंत.

तिथे कब्रस्तानाच्या दाराशी... शून्य.