अकरावं तिकीट

साडेपाचची बस वेळेत सुटली, तर धाकटीला चष्म्याच्या दुकानाची नवी शाखा मिळणार होती.

नाही सुटली, तर ती शाखा दुकानातल्या दुसऱ्या मुलीच्या पदरात पडणार होती. धाकटी तिला घरी 'साखरगोळी' म्हणायची.

एवढाच हिशोब होता. तो आधीच मांडलेला बरा. कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, "काहीतरीच काय!" पण हे घडलेलं आहे. ज्या दोघी बहिणींच्या बाबतीत घडलं, त्या दोघी आजही आहेत. थोरलीनं सांगितलं. धाकटीनं नाकारलं नाही.

थंडी सरत आली होती. रविवार होता.

डोंगरावरच्या वाटा जिथून सुरू होतात, तिथपर्यंत सकाळी एक बस माणसं सोडून लगेच खाली जाते आणि संध्याकाळी तीच त्यांना न्यायला पुन्हा येते. मुक्कामाला वर काहीच नाही. म्हणून त्या बसच्या कंडक्टरची एक पद्धत होती. सकाळी तो सगळ्यांना परतीची तिकिटं द्यायचा. संध्याकाळी प्रत्येकाचं तिकीट परत घ्यायचा, मोठ्यानं मोजायचा, आणि आकडा जुळल्याशिवाय घंटी मारायचा नाही. भले अर्धा तास जावो.

त्या दिवशी अकरा जण उतरले होते.

"या भल्या माणसामुळे एक दिवस माझी पुढची गाडी चुकणार," धाकटी सकाळीच पुटपुटली होती. खालच्या स्टँडवरून शहराची शेवटची गाडी सव्वासातला होती. आणि सोमवारी नऊला मालक स्वतः दुकानात येऊन शाखेचं ठरवणार होते.

"मग आलीस कशाला?" ताईनं विचारलं.

"तू तीन महिने मागे लागलीस म्हणून! तुझ्या त्या नव्या बुटांची हौस फिटायला नको?"

ताई कपड्यांच्या कारखान्यात कटर होती. दिवसभर टेबलापाशी उभं राहून कापड कापायचं. नजर अशी की सूतभर तिरकं गेलं तरी लांबून कळावं. पाय मात्र डोंगराचे नव्हते. उतरताना गुडघे बोलायला लागले. साडेचार झाले, तरी अर्धी वाट बाकी होती.

धाकटीनं चारदा घड्याळ पाहिलं. पाचव्यांदा म्हणाली, "ताई, तू सावकाश ये. मी पुढे जाऊन बस धरून ठेवते."

"नक्की ना?"

"अगं, तुझ्याशिवाय तो घंटी तरी मारेल का?"

हे पटण्यासारखं होतं. ताईनं मान हलवली. धाकटी वळणाआड गेली.

थोड्याच वेळात धुकं खाली उतरलं.

आणि ताईच्या मागे आवाज आला...

ठक... ठक... ठक...

काठी टेकत कुणीतरी उतरत होतं.

ताईला बरं वाटलं. सोबत झाली. ती चालली की आवाज चालायचा. ती थांबली की आवाजही...

थांबायचा.

वाट इतकी अरुंद की दोघं शेजारून जाणार नाहीत. अशा वाटेवर हळू चालणाऱ्यानं कडेला सरकून मागच्याला जागा द्यायची, ही सगळ्याच चालणाऱ्यांची रीत. ताई डोंगराला पाठ लावून उभी राहिली. नजर पायाशी, कारण समोर दरी होती.

"या, पुढे व्हा," ती म्हणाली.

अंगावरून गार झुळूक गेली. ओल्या कपड्यांसारखा वास आला.

ताईला पावलं दिसली नाहीत. बूट नाही, काठीचं टोक नाही... काहीच नाही.

पण आवाज आता तिच्या पुढे होता.

ठक... ठक... ठक... झपाझप खाली जाणारा.

ताईनं मान वर केली. वाट रिकामी होती.

मग मात्र तिनं गुडघ्यांची पर्वा केली नाही. जवळजवळ धावतच ती शेवटच्या वळणावर आली. तिथं धुकं विरळ होतं. खाली थांबा दिसला. बस उभी होती. पाच चाळीस झाले होते.

धाकटीनं शब्द पाळला होता!

त्या आनंदात ताईचं पाऊल चुकलं. घोटा मुरगळला. ती लंगडत, हात हलवत उतरू लागली. पाच मिनिटांचंच अंतर राहिलं होतं.

वारा खालून वर येत होता, त्यामुळे खालचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. कंडक्टर मोजत होता.

"आठ... नऊ... दहा..."

"थांबा!" ताई ओरडली. "मी आले!"

मागच्या खिडकीत धाकटी बसलेली दिसली. तिनं मान वळवून वर पाहिलं. सरळ ताईकडे. ताईनं दोन्ही हात उंचावले.

धाकटीच्या शेजारी, आतल्या बाजूच्या जागेवर, कुणीतरी बसलेलं होतं. डोक्यावर टोपी ओढलेली. मान खाली.

"बाई, या तुमच्याबरोबरच्या ना?" कंडक्टरचा आवाज आला.

धाकटीनं तोंड आत वळवलं.

"हो. माझी बहीण."

"अकरा!"

घंटी वाजली.

बस गेली...

थांब्यावरच्या टपरीवाल्यानं ताईला रात्रीपुरतं आत घेतलं, घोट्याला फडकं बांधून दिलं. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पण त्यानं तर मोजून नेले हो. मी ऐकलं ना."

सकाळी तीच बस आली, तोच कंडक्टर. ताईला बघून त्याचा हात दांडीवरच राहिला.

"तुम्ही... काल गेलात ना?"

ताईनं कालचं परतीचं तिकीट दाखवलं. न फाडलेलं.

पिशवीतून त्यानं कालची तिकिटं काढली आणि सीटवर मांडली. दहा कोरी करकरीत. अकरावं ओलसर होतं. रंग उडालेला, कडा कुजलेल्या. तारीख एवढीच वाचता आली...

मागच्या वर्षीची.

"बाई, मी काल आकडा जुळवला," तो हळूच म्हणाला. "तिकिटाकडे नाही बघितलं." मग ताईच्या हातातलं तिकीट त्यानं घेतलंच नाही. "कालचं आज चालत नाही. नवं घ्या."

ताई घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. ती बाहेरच्या खुर्चीत टेकली, तेव्हा कुठे धाकटी नवी साडी नेसून स्वयंपाकघरातून बाहेर आली. शाखा मिळाली होती. चेहऱ्यावर मात्र त्यातलं काही नव्हतं.

"ताई, शपथ! मला वाटलं तूच येऊन बसलीस. रुसलीस म्हणून बोलत नाहीस."

"तू मला वळणावर पाहिलंस."

"नाही गं! मला काहीच दिसलं नाही. आणि दिसलं असतं तरी, तू अशी लंगडत, कशी पोचणार होतीस वेळेत?"

ताईनं पदर सावरता सावरता हात थांबवला.

घोटा मुरगळला होता शेवटच्या वळणावर. बसमधून दिसतं, त्याच वळणावर. आता घोटा साडीखाली होता, आणि धाकटी बाहेर आल्यापासून ताई खुर्चीतून उठलीही नव्हती.

धाकटीलाही ते कळलं. तिनं नजर खाली घातली.

ताईनं विचारलं, "ती कुठे उतरली?"

"माझ्याबरोबरच."

"मग?"

"माझ्या मागून चालत होती. काठीचा आवाज येत होता. मी मागे बघितलं नाही."

"मग?"

धाकटीनं ताईच्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं.

"मी नाही लावलं ते..." ती म्हणाली.

दार उघडलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर, ताईच्या जागी, अंगाएवढा ओला डाग होता.

ताई त्याच आठवड्यात कारखान्याजवळ खोली घेऊन राहायला गेली. बहिणींचं बोलणं आता कामापुरतं. धाकटी शाखा सांभाळते, आणि घरी आल्यावर सगळे दिवे लावून बसते. त्या खोलीतून अजून काठीचा आवाज येतो, असं तिनं एकदाच सांगितलं. ताईनं फोन ठेवला.

तरी ताईला झोप नाही. आकडा तिच्या डोक्यातून जात नाही.

अकरा वर गेले. अकरा खाली आले. धाकटीला शाखा मिळाली. वर्षभर वर थांबलेलीला घर मिळालं.

आणि ताईच्या पाकिटात ते परतीचं तिकीट अजून आहे. दोनदा फेकलं, दोनदा परत सापडलं.

परवा तिनं ते उजेडात धरलं...

कडा ओलसर लागल्या.