पहारेकऱ्याचा स्वभाव

ऑफिसच्या पँट्रीत एक अनोळखी तरुण डोळे पुसत उभा होता. रिकामा मग घेऊन आलेली ती दारातच थबकली.

"काय झालं? कुणी... गेलं का?"

"हो ना. पुलावरचा पहारेकरी." त्याने नाक ओढलं. "सोन्यासारखा माणूस हो! कुणी मारलं असेल त्याला?"

"मी," ती म्हणाली.

झालं! ओळख झाली ती अशी. ती त्या कंपनीत व्हिडिओ गेमच्या कथा लिहायची आणि तो नवा टेस्टर. दिवसभर गेम खेळून चुका शोधायच्या, हेच त्याचं काम. तिच्या नव्या गेममध्ये पूल कोसळत असताना पहारेकरी राजकन्येला "तू हो पुढे, मी आलोच" असं सांगतो आणि स्वतः मागे राहून मरतो. तिथे टेस्टरसाहेबांचा बांध फुटला होता.

त्या दिवसापासून त्याने तिचं डोकं खायला सुरुवात केली. रोज दुपारी खुर्ची ओढत स्वारी तिच्या टेबलाशी हजर! तिला खिडकीकडे सरकवायचा आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी पुढे करायचा. अहोजाहो तर पहिल्या आठवड्यातच गळून पडलं.

"तुझा पहारेकरी त्यागीबिगी काही नाही. भिडस्त आहे नुसता! तिच्यावर एवढा जीव, पण 'थांब' म्हणायला जीभ रेटत नाही गाढवाची."

"गाढव म्हणायचं काम नाही!"

"तुला का एवढं झोंबतंय?"

झोंबणारच! तिची थोरली बहीण नेहमी म्हणायची, "तुझ्या पायावर कुणी पाय दिला ना, तरी 'तुम्हाला लागलं नाही ना?' असं तूच विचारशील." पहारेकऱ्याचा स्वभाव तिने कुठून उचलला होता, हे काय सांगायला हवं? आणि दुपार झाली की टेस्टरच्या वाटेकडे ती कशी डोळे लावून बसायची, त्याचाही तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

एका शुक्रवारी तो आला तेव्हा खिडकीवर पाऊस टपटपत होता.

"आज सोक्षमोक्ष लावू. मी विचारतो, तू पहारेकरी."

पात्र पक्कं करायची ही त्यांच्या कामातली रीतच होती. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने पात्राच्या तोंडून पटापट उत्तरं द्यायची, विचार करायचा नाही.

"जेवायला काय हवं?"

"काहीही चालेल."

"रागावलात?"

"छे, मी कुठे!"

"थंडी वाजतेय?"

"तुम्ही घ्या आधी पांघरूण."

"अच्छा... आणि जवळच्या माणसाला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी लागली तर?"

"'जा' म्हणेन. सामानही बांधून देईन." बोलून गेली, आणि मग एकदम त्याच्याकडे वळली. "कुणाला... लागली?"

"मला. संध्याकाळपर्यंत कळवायचंय." तो तिच्याकडेच बघत होता. "पहारेकऱ्याचं कळलं. आता तू सांग."

"छान आहे की..." सवयीने तोंडून निघालं. "अशी संधी काय पुन्हा..."

तो मान हलवून उठला. खुर्ची उचलून चालायलाही लागला. तिचा जीव नुसता कासावीस झाला. आता नाही तर कधीच नाही —

"जाऊ नकोस!"

चार टेबलांवरच्या माना वळल्या. पण आता ती थोडीच थांबतेय!

"आणि मला रोज खिडकीशी बसवतोस ना, तिथे ऊन लागतं मला! आणि ते खारे शेंगदाणे मला मुळीच आवडत नाहीत! आणि... आणि तू आवडतोस. कधीचा!"

तो धपकन खुर्चीत बसला. "हुश्श! अगं, जीव टांगणीला लागला होता माझा!"

त्याने तिच्यासमोरच फोन काढून नकार कळवून टाकला. चांगली नोकरी हातची गेली आणि स्वारी खुशीत! तिलाही कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"मलाही... तेच सांगायचं होतं," तो म्हणाला.

"तेच म्हणजे काय? नीट सांग."

तो कानापर्यंत लाल झाला. "आवडतेस तू मला," कसाबसा पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

मग त्याने सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं.