खुंटीवरचा ॲप्रन

“हा माझ्या मुलाचा नाही.”

काकूंनी ॲप्रनमधून चेहरा बाहेर काढला. चर्चच्या सभागृहामागच्या स्वयंपाकघरात तिघा वाढप्यांचे हात जागीच थांबले. बाहेर रविवारच्या जेवणासाठी रांग लागली होती. सूप उकळत होतं.

“काकू, कप्तानचाच आहे,” बुटकी म्हणाली. “सहा रविवार त्याच खुंटीवर आहे. आम्ही कुणाला धुऊसुद्धा दिला नाही.”

“म्हणून तर मागायला आले. घरातले त्याचे सगळे कपडे मी वेड्यासारखे धुऊन टाकले गं. त्याच्या वासाचं एवढंच उरलं होतं.”

काकूंचा एकुलता एक मुलगा या तरुण वाढप्यांचा कप्तान होता. सहा रविवारांपूर्वी जेवण वाढून सायकलवर घरी निघाला, वाटेत अपघातात गेला आणि पोचलाच नाही.

दुर्बीणने ॲप्रन हातात घेतला. रसायनशास्त्राची पदवी नुकतीच मिळालेली ही मुलगी सगळं बारकाईने बघायची, सुपात मीठही वजन करून टाकायची, म्हणून कप्तानने ठेवलेलं हे नाव.

गळपट्टीजवळ जळक्या भोकावर हिरव्या दोऱ्याचं रफू होतं.

“हे कुणी केलं, काकू?”

“त्यानंच. दोरा मी दिला होता.”

“म्हणजे ॲप्रन त्याचाच.”

“पण वास त्याचा नाही.”

काकू वास ओळखायला चुकणार नव्हत्या. रफूही खोटं नव्हतं.

दुर्बीणने कापड उजेडात धरलं. घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला सुपाचे हात पुसल्यासारखी बोटं उमटली होती. मागून कापड स्वच्छ. कमरेच्या नाड्या सरळसोट, गाठीची एक चुणी नाही.

“बुटके, वाढताना कप्तान कायम डाव्या टोकाला का उभा राहायचा?”

“डावखुरा ना तो! मधे उभा राहिला की त्याचं कोपर थेट माझ्या नाकात.” बुटकी हसायला गेली आणि नाक पुसू लागली.

“हातही डाव्याच बाजूला पुसायचा?”

“मग काय! डावा खिसा कायम बरबटलेला.”

दारामागे धुण्याच्या पाळ्यांचा कागद होता. दर रविवारी एकाने सगळे ॲप्रन घरी न्यायचे, पुढच्या रविवारी धुऊन आणायचे आणि आकडा लिहायचा. दुर्बीणने कप्तान गेला त्या आठवड्याच्या ओळीवर बोट ठेवलं. पाळी लंब्याची. आणले: चार.

तिने बोट काढून घेतलं. बोलू नये असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

“सांग ना,” काकू म्हणाल्या. “मला कळायला हवं.”

“आपण चौघे वाढायचो. कप्तानचा खुंटीवरच राहिला असता, तर धुऊन तीन यायला हवे होते. चार आले. हा त्याच रविवारी घरी गेला आणि धुतला गेला. डाग नंतरचे आहेत. उजव्या हाताच्या माणसाने पुसलेले, तेही न घालता; नाड्यांना गाठीची खूणसुद्धा नाही.” ती वळली नाही. “लंब्या, हे डाग कधी लावलेस?”

लंब्या, कप्तानचा शाळेपासूनचा मित्र, पळी धरून उभा होता. उजव्या हातात.

“आज सकाळी. काकू येणार कळल्यावर. धुतलेला दिसू नये म्हणून.”

“आणि धुतलास कधी?”

“त्याला माती देऊन आलो, त्या संध्याकाळी.”

“अरे, पण का?” बुटकी ओरडली. “याला कुणी हात लावू नका, म्हणून मी रडत होते, तेव्हा तू शेजारी उभा होतास!”

“तोवर धुऊन झाला होता गं! काय सांगू?” लंब्याने पळी खाली ठेवली. “जाताना त्याने तो माझ्या डोक्यावर फेकला. म्हणाला, ‘नीट धू रे गाढवा, मागच्या वेळी डाग तसेच होते.’ मला तेवढंच सांगून गेला, काकू. मग मी तीन वेळा धुतला. एक डाग ठेवला नाही.”

सूप उतू गेलं. बुटकीने शेगडी बंद केली. दुर्बीणने ॲप्रनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आपलं उत्तर चुकावं, असं तिला अजूनही वाटत होतं.

काकू लंब्याजवळ गेल्या.

“शेवटचं हे म्हणाला?”

“हो.”

“मला कुणी सांगितलंच नाही तो काय म्हणाला ते.” त्यांनी त्याची बाही धरली. “परत म्हण. तो म्हणाला तसं. त्याच्यासारखं.”

लंब्याने तोंड उघडलं. “नीट धू रे...” पुढचा शब्द निघेना.

रांगेतून कुणीतरी दार वाजवलं. कुणी हललं नाही. काकू बाही धरून वाट बघत होत्या.