मार्गारेटची पत्रं

शनिवारची सकाळची शाळा सुटली की नीलिमा विश्रामबागेतल्या नानासोच्या इंटरनेट कॅफेत जाई. सांगलीत तेव्हा, नव्व्याण्णव साली, असे दोन-तीनच कॅफे होते. ती इंग्रजी शिकवायची. तिचा नवरा महेंद्र, पोस्टातला कारकून, तीन महिने एक शब्द बोलला नव्हता. मिरजेच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. घरी कसं वागायचं, ते कुणी सांगेना. म्हणून ती अशा रुग्णांच्या घरच्या माणसांच्या एका ई-मेल गटात शिरली होती.

तिथेही तेच. कुठल्याकुठल्या देशांतून सगळे एकच लिहीत : डॉक्टरांना भेटा, स्वतःला जपा. त्यात इंटरनेट घरच्या फोनवरूनच चाले, आणि मध्येच लाइन तुटे.

"आईनं वर फोन उचलला आसंल, बाई," नानासो म्हणे.

"मग सांगा ना त्यांना!"

"लय सांगितलं. ऐकत न्हाई."

सल्ला न देणारी एकटी मँचेस्टरची मार्गारेट. तिने लिहिलं, 'नवऱ्याने जेवणातलं मीठ सोडलं.' नीलिमाच्या कपाळाला आठ्या पडल्या. हिची रोजनिशी वाचायला का एवढा आटापिटा?

बुधवारी महेंद्रने ताट बाजूला सारलं. तिने हे करून पाहिलं, ते करून पाहिलं. शेवटी अळणी आमटी वाढली, तेव्हा तो जेवला.

पुढच्या शनिवारी मार्गारेटचं पत्र : 'आता तो भिंतीकडे तोंड करून बसतो.' मंगळवारी स्वयंपाकघरात असताना नीलिमाला बाहेरून खुर्ची फरफटल्याचा आवाज आला; महेंद्रने ती भिंतीकडे वळवली होती.

नंतरचं पत्र एका ओळीचं. 'मी लिहिते तेव्हा तो माझ्या बोटांकडे बघतो.'

गुरुवारी वह्या तपासताना तिने मान वर केली. महेंद्र समोर बसला होता, नजर तिच्या बोटांवर.

शनिवारी तिने घाईघाईने लिहिलं : पुढे काय झालं? लवकर कळवा.

त्यापुढच्या शनिवारी लाइन चारदा तुटली. पाचव्यांदा उत्तर उघडलं.

'मार्गारेट आता लिहीत नाही. मी तिचा नवरा. मी अगदी बरा आहे.'

खाली गटाची अभिनंदनं. मार्गारेट कुठे आहे, हे एकानेही विचारलं नव्हतं.

नीलिमाने विचारलं. लाइन गेली.

ती रिक्षाने घरी आली. शेजारच्या रंगुबाई दारातच हसत उभ्या.

"आवं बाई, साहेब बोललं! सकाळधरनं तुमचीच वाट बगत्यात."

महेंद्र नीट भांग पाडून बसला होता. आवाज जुनाच, जरा खरखरीत.

"नीलिमा, ते ई-मेल कसं पाठवतात? मला शिकव."